सतरा उजवे, सतरा डावे

१

माझ्या कानशीला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत फिटर होतो, तेव्हा एका सुपरवायझरने न विचारता माझी लोखंड घासायची गोल कानस उचलली आणि पॅकिंगची खोकी उचकटायला घेतली. त्या दिवशी मी जे बोललो ते ऐकून कँटीनवाला चहा गाळायचा थांबला होता. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, कारेगावची खोली सोडली आणि न्हावरे फाट्यावर घरापुढे पत्र्याची शेड ठोकली. माझी बायको माया म्हणाली, "एका कानशीपायी नोकरी सोडणारा पुणे जिल्ह्यात एकच गडी, आन् त्यो माझ्याच वाट्याला आला." तिचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

शेडमध्ये पाण्याच्या मोटारी, फवारे, एम-एटी, जे येईल ते दुरुस्त करतो. पण माझा खरा जीव कटरमध्ये. कागदावर त्याला चेनसॉ म्हणतात. आमच्याकडे झाडं तोडायच्या मशीनला सगळे कटरच म्हणतात. दिवसभर लाकूड कापून चेनीचे दात बोथटतात, भुसा आणि चीक बसून ती काळी पडते. मग ती माझ्याकडे येते. आधी जर्मनच्या परातीत रॉकेल घेऊन भिजत घालायची. ब्रशने घासायची. कटरच्या लांब पट्टीवर चढवून पट्टी व्हाईसमध्ये आवळायची. मायाच्या नेलपॉलिशचा एक ठिपका पहिल्या दाताला द्यायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. मग गोल कानस घेऊन एकेका दाताला तीन हात मारायचे, फक्त पुढे. मागे आणताना उचलून. खर्र, खर्र, खर्र. पुढचा दात. सतरा उजवे झाले की व्हाईस सैल करून पट्टी फिरवायची, मग सतरा डावे.

प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका खुंट असतो. दात लाकडात किती शिरणार ते हा खुंट ठरवतो. त्याला कधीतरीच चपटी कानस लावायची, तीही केसभर. खुंट जास्त घासला तर दात नको तेवढा रुततो, कटर हिसका देऊन उलटा येतो आणि चालवणाऱ्याच्या गळ्यावर बसतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ऐकवतो, दात घासला तर लाकूड कापतं, खुंट घासला तर माणूस.

माझं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे हनुमंत. धनगराचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या आज्याने मेंढरं राखली, बापाने शेती केली आणि याने कटर घेतला. त्याच्याकडे दोन चेनी होत्या. रोज संध्याकाळी बोथट चेन माझ्याकडे टाकायची, धारेची घेऊन जायची आणि जाताना माझ्या चहाला नावं ठेवायची, असा त्याचा शिरस्ता.

२

दोन हजार तीन सालच्या होळीनंतरची गोष्ट. गावातल्या सोपानरावांना रस्त्याकडेच्या जमिनीत मंगल कार्यालय बांधायचं होतं आणि बरोबर मांडवाच्या जागी नांदरुकीचं, वडाच्या जातीचं, जुनं झाड उभं होतं. तोडायचं काम हनुमंताला मिळालं. आदल्या दिवशी दुपारी तो शेडवर आला.

"आईचं डोळ्याचं आप्रेशन हाय दौंडला," तो म्हणाला. "मला यायला उशीर व्हनार. तू तेवढं दिस मावळायच्या आत झाडाला सांगून ये."

हनुमंताच्या घरची ही रीत. मोठं झाड तोडायचं तर आदल्या दिवशी त्याला सांगायचं. मला हे ठाऊक होतं आणि यावरून मी त्याची भरपूर टिंगल केली होती. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात अंगात येणं, लिंबू-मिरची आणि भूत या तिन्ही विषयांना बंदी आहे.

"मी असलं मानत न्हाई," मी म्हणालो.

"तू नगं मानू. सांगाय काय जातंय? म्हनायचं, उद्या सकाळी तोडाय येतोय, आत जे कोन आसंल त्यानं उठून जावा. बास. येक शबुद जास्तीचा न्हाई. तुला लय बोलायची खोड हाय."

संध्याकाळी गेलो. झाडात साळुंक्यांचा असा कालवा चालला होता की शेजारून ट्रक गेलेला ऐकू येत नव्हता. आजूबाजूला कोणी नाही हे दोनदा बघून घेतलं, आपली अब्रू आपण जपावी. घसा खाकरला. "उद्या सकाळी तोडायला येणार आहेत," म्हणालो. पुढचं मात्र तोंडातून निघेना.

त्याचं कारण आहे. माझ्या वडिलांनी उमेदीची वर्षं 'सरक बाजूला', 'हो तिकडं', 'जा' हेच ऐकत काढली. म्हणून त्यांनी घराला एक नियम घातला होता. दारातल्या कुणालाही, मग तो भिकारी असो की पोलीस, जा म्हणायचं नाही. त्यांच्या धाकाने आम्ही भावंडं कुत्र्यालासुद्धा "चल, नंतर ये," म्हणायचो. तर मी त्या झाडापुढे उभा राहून जरा विचार केला आणि म्हणालो, "मुक्काम हलवावा लागंल. आन् कुठं सोय नसंल तर फाट्यावर आपली शेड हाय. या तिकडं. संकोच करू नका. चहा घेऊ."

साळुंक्या एकदम गप्प झाल्या. सगळ्या, एका दमात. पाखरांना माणसाचा आवाज नवा वाटला असेल असं मी ठरवलं आणि एम-एटीला किक मारली. हनुमंताला दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं की, "सांगितलं रे बाबा."

३

नांदरुकी तीन दिवसांत आडवी झाली. हनुमंत म्हणाला, इतकं मऊसूत झाड आयुष्यात तोडलं नाही, जसं काही आतून रिकामं होतं. चेनी तेवढ्या चिकाने पांढऱ्याफटक होऊन आल्या. नांदरुकीचा चीक म्हणजे डिंकाचा बाप, रॉकेल बदलून बदलून मी कंटाळलो.

त्यानंतर आठवडाभराने एका दुपारी बारा वाजता लाईट गेली. त्या दिवसांत बारा ते तीन भारनियमन असायचं. कानशीला लाईट लागत नाही, पण मला जेवण लागतं आणि जेवणावर थोडी झोप लागते. हनुमंताची चेन परातीत ठेवून मी घरात गेलो. अडीचला परत आलो तर चेन परातीत नव्हती. ती बाकावर, फडक्यावर, स्वच्छ पुसून ठेवलेली होती. दातांवरून अंगठा फिरवला. चौतीसच्या चौतीस दात घासलेले, आणि असे घासलेले की माझा मलाच अभिमान वाटला.

मीच जेवायच्या आधी घासली असणार. दुसरं काय. आदल्याच दिवशी कपाळावर चष्मा असताना मी तो घरभर शोधला होता. पण गोल कानस उचलली तर तिच्या खाचांत ओला पांढरा चीक. नांदरुकीचा. ती चेन दोन दिवस बाभळीवर चालत होती आणि बाभळीचा भुसा तांबडा असतो.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा घेतली. परातीत तीन चेनी ठेवल्या. एक हनुमंताची, दोन दौंडकडच्या गिऱ्हाइकांच्या. कानस कपाटात टाकून कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात. जेवून आलो. दौंडच्या दोन्ही चेनी होत्या तशा भिजत होत्या. हनुमंताची धार लावून तयार. कुलूप जागेवर, किल्ली खिशात आणि कानस बाकावर.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, आधी राग आला. माझ्या कानशीला कुणीतरी हात लावत होतं.

४

तिसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. माया भाकरी थापता थापता थांबली.

"अहो, तुम्ही हितं जेवताय. मग शेडात कानस कोन मारतंय?"

मी मघापासून ऐकत होतो. ऐकू येऊ नये म्हणून कांदा जरा जोरात चावत होतो.

"दगडोबा सुतार आसंल."

"दगडोबा परवाच लेकीकडं गेलाय कोरेगाव भीमाला."

खर्र, खर्र, खर्र. थांबा. खर्र, खर्र, खर्र. मी नकळत मोजत होतो. सतरा झाले. मग व्हाईसचा दांडा कुरकुरला, पट्टी फिरली, आणि पुन्हा खर्र. माझीच पद्धत, माझाच ठेका. घरापासून शेड बारा पावलं. मी उठून गेलो आणि दारात पाय ठेवताच आवाज बंद झाला. आत कोणी नाही. एप्रिलचं ऊन पत्र्यावर, बाकाचं लोखंड हाताला चटका देत होतं. माझं स्टूल मात्र डेऱ्याच्या बुडासारखं गार होतं.

परत येऊन मायाला सगळं सांगितलं, झाडाला काय बोललो तेही. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "बोलावलं तुम्ही. चहा घिऊ म्हनलात तुम्ही. मग चहा तरी द्या की बिचाऱ्यांना."

तिने गमतीने कपभर चहा नेऊन बाकावर ठेवला. अर्ध्या तासाने मी बघायला गेलो. कप रिकामा होता. विसळून पालथा घातलेला, खाली पाण्याचं ओलं कडं.

ते ओलं कडं मी ओळखलं. माझे वडील लोकांच्या ओट्याखाली चहा प्यायले की असाच कप विसळून पालथा घालायचे. त्यांना तो घालावाच लागायचा. मी रिकाम्या शेडला बजावलं, "हे बघा, आमच्याकडं पाव्हन्यानं कप धुवायचा न्हाई. प्या आन् तसाच ठिवा." दुसऱ्या दिवशी पुन्हा कप धुऊन पालथा. पाहुणे ऐकणाऱ्यांतले नव्हते.

इकडे हनुमंत खूश. "बबनराव, आता बसला तुमचा हात," तो म्हणायचा. "चेन लोन्यासारखी चालतीय." लहानपणापासून बबन्या म्हणणारा माणूस राव लावायला लागला, तर खरं सांगून कोण स्वतःचं नुकसान करून घेईल? मी मान डोलवायचो. एवढी वर्षं शास्त्र मानलं; फुकट मिळालेल्या कौतुकापुढे ते दहा दिवस टिकलं नाही.

५

मग एका दुपारी आवाज बदलला.

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. खर्र नव्हतं. सर्र होतं, सपाट आणि लांब. सर्र, सर्र, सर्र, सर्र. चार. पाच. सहा. थांबतच नव्हतं. कानशीचा आवाज मी झोपेत ओळखतो. ती चपटी कानस होती.

माया माझ्याकडे बघत होती. "काय झालं? तोंड का आसं केलं?"

मी धावलो. आत नेहमीप्रमाणे कोणी नाही. व्हाईसमध्ये हनुमंताची चेन. दात लखलखीत. आणि दातांपुढचे खुंट घासून घासून पार बसवलेले. उजवीकडचे सतराच्या सतरा झाले होते, डावीकडचे अर्ध्यावर आले होते. दौंडकरांच्या चेनी परातीत तशाच.

इतके दिवस मला वाटत होतं की पाहुणे उपकाराची फेड करतायत. ज्याने आपलं घर पाडलं, त्याचीच चेन ते रोज निवडून घेत होते, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते हात बसवत होते.

मग दुसरा विचार आला. आज ही चेन अर्धी झालीय. कालची? काल आम्ही भाचीच्या लग्नाला शिरूरला होतो. दिवसभर शेड बंद. संध्याकाळी आलो तर हनुमंताची चेन पुसून तयार होती. मी तिला ऑइल लावलं आणि तशीच त्याच्या हातात दिली. खुंट बघितले नाहीत. तो म्हणाला, "वा, लग्नाला जाऊन बी काम केलं," आणि मी हसलो होतो.

ती चेन आज त्याच्या कटरवर होती.

६

तेव्हा मोबाईल सोपानरावांकडे होता, हनुमंताकडे नव्हता. तो इनामगावच्या शिवारात, घोड नदीच्या काठाला बाभळी तोडत होता. एम-एटी जितकी पळते तितकी पळवली. वाटेत मी स्वतःशी वाद घालत होतो. खुंट मीच घासले असतील, झोपेत. माणसं झोपेत चालतात, मग कानस का मारणार नाहीत? हा विचार मला चांगला वाटला, कारण त्यात वेडा मी एकटाच ठरत होतो आणि हनुमंताला फक्त एका वेड्यापासून वाचवायचं होतं.

नदीकडे वळलो तर कटरचा आवाज आला. जीव भांड्यात पडला. मग आवाज मध्येच अडकला, चिरकला, पुन्हा सुरू झाला. जीव परत भांड्याबाहेर.

कटर चालू असताना माणसाच्या मागून जायचं नाही, हा पहिला धडा. मी काट्यांतून वळसा घालून त्याच्या समोर गेलो आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलो. पट्टीचं टोक दोन फांद्यांच्या बेचक्यात होतं आणि त्याचा गळा बरोबर वर. त्याने मला बघितलं आणि मशीन बंद केलं.

"मरायचं हाय का तुला?" तो ओरडला.

"मला न्हाई. चेन काढ आधी."

त्याने घाम पुसला. "सकाळधरनं हिसकं देतूय खरा. दोनदा तोंडाम्होरनं गेला. मला वाटलं, धार लय हाय." मग चेन काढून त्याने खुंटांवर बोट फिरवलं आणि त्याचं बोट थांबलं. वीस वर्षं लाकूड तोडणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. "बबन," तो हळू म्हणाला, "चेन तुझ्या हातातनं आलीय."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट क्षण. त्याने राव लावलं नाही म्हणून नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू आपण चाळीस वर्षं ज्याला ओळखतो तो हा नाही.

मग मी सांगितलं. साळुंक्या, निमंत्रण, कप, सगळं. तो तोडलेल्या खोडावर बसून ऐकत राहिला.

"तू त्यांस्नी या म्हनला?"

"चहा घिऊ, असं बी म्हनलो."

"तरी तुला सांगितलं हुतं, जास्तीचं बोलू नगं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता घरी जा आन् त्यांस्नी जावा म्हन."

"ते माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई, हनुमंता. तुला ठावं हाय."

"माझा गळा गेला तरी?"

एका बाजूला मित्राचा गळा, दुसऱ्या बाजूला बापाचा नियम. आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर निघालो. सोपानरावांच्या जागेपाशी मी ब्रेक दाबला. तिथल्या राखणदाराने तोडलेल्या नांदरुकीचे फोक, म्हणजे सरळ फांद्या, कुंपणाला खांब म्हणून रोवले होते. एका मनगटाएवढ्या जाड फोकाला तांबूस पालवी फुटली होती.

हनुमंतही थांबला. त्याने फोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नांदरुकी कुठं बी लाव, जगती," तो म्हणाला. "चल, उपट."

७

संध्याकाळी आम्ही तो फोक शेडच्या मागे, नळाशेजारी लावला. हनुमंताने खड्डा घेतला, मी शेणखत टाकलं, मायाने पाणी घातलं आणि आम्हा दोघांना अक्कल किती ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता लाईट गेली. हनुमंत घरात मायाजवळ बसला. त्या दिवशी तो कटर घेऊन कुठेच गेला नव्हता.

मी शेडच्या दाराशी आलो तेव्हा सर्र, सर्र चालू होतं. रोज मी धावत यायचो. त्या दिवशी चपला काढल्या आणि पाहुण्यांच्या खोलीत जातात तसा, हळू, आवाज न करता दारात उभा राहिलो. बाहेर पांढरं ऊन, आत अंधार. डोळे सरावायला जरा वेळ लागला.

स्टुलावर कोणी बसलेलं नव्हतं. स्टुलाजवळ जमिनीवर कोणीतरी उकिडवं बसलं होतं, पाठ माझ्याकडे. त्याच्या मागे आणखी एक पाठ. तिच्या मागे आणखी. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांभोवती, माना खाली. रांग शेडच्या मागच्या पत्र्याकडे गेली होती. माझी शेड बारा फुटांची आहे. ती रांग बारा फुटांत संपत नव्हती.

चेहरे मी बघितले नाहीत. बघायची गरज नव्हती. बसणं मी ओळखलं. मोठ्याच्या अंगणात, ओट्यापासून लांब, कोणी हाक मारेपर्यंत असं बसतात. लहानपणी वडिलांसोबत मी तसा बसलो आहे.

सर्र थांबलं. सगळ्या पाठी ताठ झाल्या. आता ते वळणार, असं वाटलं, आणि मी घाईने बोललो.

"पाव्हनं," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "तुमचं घर लावलंय. ल्हान हाय आजून, पन तुमचंच हाय. चला, दावतो. या."

मी पाठ फिरवली आणि चालायला लागलो. शेडला वळसा, नळ, फोक. तिथे उभा राहिलो. उन्हात माझ्या पाठीवर गारवा आला, गेला. पुन्हा आला, गेला. शेजारून कोणीतरी अंग चोरून, धक्का लागू नये म्हणून, पुढे सरकावं तसा. मी हलकेच "या, या," म्हणत राहिलो. लग्नाच्या दारात यजमान उभा असतो, तेवढा वेळ मी तिथे उभा होतो. शेवटी माया परसात आली आणि म्हणाली, "अहो, तीन वाजले. लाईट आली."

८

त्यानंतर चेनी आपोआप झाल्या नाहीत. माझी कामं मलाच करावी लागली, आणि हनुमंत परत बबन्या म्हणायला लागला. त्याची आई, म्हाळसाबाई, डोळा बरा झाल्यावर मुद्दाम झाड बघायला आली, पानावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तू माझ्या लेकाच्या कुठल्याच झाडासंगट बोलायचं न्हाई." मी कबूल केलं.

माया रोज दुपारी कपभर चहा नांदरुकीच्या बुडाशी ठेवायची. चारला कप धुतलेला, दगडावर पालथा. सहा वर्षं. मी सांगून दमलो.

झाड पत्र्याच्या वर गेलं. साळुंक्या आल्या. मग दोन हजार नऊ साली रस्ता रुंद करायचं निघालं आणि एके दिवशी माणसं येऊन आमच्या नांदरुकीला पांढरा पट्टा मारून गेली. हनुमंताने ते काम घेतलं नाही. ठेकेदाराने परगावचा एक कटरवाला आणला. सुमित नाव, पंचविशीचा, हसरा, नुकतं लग्न झालेला. तीन चेनी घेऊन माझ्याच शेडवर आला.

"काका, उद्या सकाळी ह्ये मागचं झाड घ्यायचंय," तो म्हणाला. "चांगली धार लावा."

मी त्याला काय सांगणार होतो? चेनी परातीत टाकल्या. बाराला लाईट गेली. जेवायला बसलो. आणि मग शेडमधून आवाज आला. सहा वर्षांनी. सर्र, सर्र, सर्र, सर्र.

"उठा की," माया म्हणाली. "पोरगं हाय ते दुसऱ्याचं."

मी अनवाणी धावलो. शेड रिकामी. बाकावर तिन्ही चेनी ओळीने मांडलेल्या. मी पहिली उचलून खुंट बघितले. खुंट जसेच्या तसे होते, एकालाही कानस लागली नव्हती. मग दातांवर अंगठा फिरवला. दात नव्हते. सतरा उजवे, सतरा डावे, सगळे मुळापर्यंत घासून काढलेले. दुसरी तशीच, तिसरी तशीच. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडासारख्या तीन बोळक्या चेनी. त्यांनी लोणीसुद्धा कापलं नसतं, मग माणसाचा गळा तर लांबच.

मी हसलो. एकटाच, मोठ्याने. सुमितला काय सांगायचं, ठेकेदाराला काय सांगायचं, उद्या तो नव्या चेनी आणेल तेव्हा काय, हे सगळं पुढचं होतं.

मग झाडाकडे गेलो. चहाचा कप बुडाशी होता. दगडावर पालथा नव्हता. सरळच होता, माया ठेवते तिथेच, तळाला चहाचा घोटभर गाळ आणि कडेला ओठांचा ओला डाग. आपल्या घरात आपण ठेवतो तसा, उष्टा.

वर साळुंक्या गप्प होत्या. मी कप उचलला आणि नळाखाली धरून धुतला.